आर्थिक वृद्धीतील ‘शेषांश’ : तंत्रज्ञानविषयक अर्थशास्त्रीय विचारांचा मागोवा

प्रस्तावना

एखाद्या देशाचे उत्पादन वर्षानुवर्षे का वाढत जाते, या प्रश्नाला प्रदीर्घ काळ एक सरळ उत्तर दिले जात होते. अधिक जमीन लागवडीखाली आणली, अधिक माणसे कामाला लावली आणि अधिक भांडवल गुंतविले की उत्पादन वाढते. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास या घटकांचा हिशोब आकड्यांनिशी मांडण्यात आला, तेव्हा उत्पादनवाढीचा फार मोठा भाग त्यात बसेना. जो भाग शिल्लक राहिला त्यास ‘शेषांश’ असे नाव मिळाले आणि त्याचे श्रेय ढोबळमानाने तांत्रिक प्रगतीला देण्यात आले.

मात्र वजाबाकी करून उरलेली संख्या म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. त्या संख्येच्या आत नेमके काय दडले आहे, हा शोध अर्थशास्त्रज्ञ गेली सहा-सात दशके घेत आहेत. प्रस्तुत लेखात या शोधाचे प्रमुख टप्पे मांडले असून तंत्रज्ञान म्हणजे केवळ यंत्र नव्हे, तर ज्ञान, त्या ज्ञानाचा प्रसार, कामाची संघटना आणि लाभाचे वाटप या चारही बाबी त्यात अंतर्भूत आहेत, असे प्रतिपादन केले आहे. यासाठी मुंबईच्या कापड गिरण्यांचे उदाहरण विशेषत्वाने विचारात घेतले आहे.

अभिजात अर्थशास्त्रज्ञांचा दृष्टिकोन

ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचा आरंभच टाचण्यांच्या कारखान्याने होतो. एकट्या माणसाला दिवसाकाठी वीस टाचण्या करणेही कठीण. परंतु कामाची विभागणी करून दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या तयार करतात, हे त्यांनी दाखविले. श्रमविभागणीमुळे कौशल्य वाढते, एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळण्यात जाणारा वेळ वाचतो आणि तेच काम सतत करणाऱ्याला ते सोपे करणारे साधन सुचते, अशी तीन कारणे त्यांनी दिली. यातील तिसरे कारण महत्त्वाचे आहे. स्मिथ यांच्या मते तांत्रिक सुधारणा बाहेरून येत नाही. ती कामातून, यंत्रे घडविणाऱ्यांच्या व्यवसायातून आणि निरीक्षण-चिंतन करणाऱ्यांच्या अभ्यासातून निर्माण होते.

पुढील पिढीत हा आशावाद मावळला. माल्थस यांनी १७९८ मध्ये वाढत्या लोकसंख्येचा प्रश्न उपस्थित केला. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ च्या ग्रंथात घटत्या प्रतिफलाच्या नियमाला मध्यवर्ती स्थान दिले. लोकसंख्या वाढते तशी कमी कसाची जमीन कसावी लागते, धान्य महागते, खंड वाढतो, नफा घटतो आणि अखेरीस अर्थव्यवस्था स्थितिशील अवस्थेत पोहोचते. तांत्रिक सुधारणेमुळे ही अवस्था लांबणीवर पडते, टळत नाही, असे हे विवेचन होते.

रिकार्डो यांनी याच ग्रंथाच्या १८२१ मधील तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांविषयी एक नवे प्रकरण घातले. यंत्रांमुळे समाजातील सर्वच वर्गांचे हित होते, हे आपले पूर्वीचे मत त्यांनी त्यात जाहीरपणे बदलले. यंत्रांमुळे भांडवलदाराचे निव्वळ उत्पन्न वाढत असतानाच मजुरांच्या निर्वाहासाठी उपलब्ध असलेला निधी घटू शकतो आणि म्हणून यंत्रांबद्दल मजुरांना वाटणारी भीती निराधार नाही, असे त्यांनी मान्य केले. तरीही यंत्रांना अटकाव करावा असे त्यांचे मत नव्हते. तसे केल्यास भांडवल परदेशी जाईल आणि मजुरांचे अधिकच नुकसान होईल, असे ते सांगतात. कार्ल मार्क्स यांनी ‘भांडवल’ ग्रंथाच्या १८६७ मधील पहिल्या खंडात हाच धागा पुढे नेला. स्पर्धेमुळे प्रत्येक भांडवलदाराला नवे यंत्र आणणे भाग पडते आणि त्यातून बेकारांची राखीव फौज निर्माण होते, असे त्यांचे विश्लेषण होते. तंत्रज्ञानाचा विचार लाभ कोणाला, या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही, ही जाणीव अशा रीतीने अर्थशास्त्रात आरंभापासूनच होती.

शुंपीटर : सर्जनशील विनाश

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्थशास्त्राचे लक्ष किंमतनिश्चिती आणि समतोल या विषयांकडे वळले व वृद्धीचा प्रश्न मागे पडला. या प्रवाहाविरुद्ध जोसेफ शुंपीटर यांनी आर्थिक विकासाचा सिद्धांत मांडला. त्यांनी शोध आणि नवप्रवर्तन यांत भेद केला. शोध प्रयोगशाळेत लागतो. परंतु तो बाजारात आणण्याचे धाडस करणारा उद्योजक नसेल तर अर्थव्यवस्थेत काहीच घडत नाही. नवी वस्तू, नवी उत्पादनपद्धती, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि उद्योगाची नवी संघटना असे नवप्रवर्तनाचे पाच प्रकार त्यांनी सांगितले. १९४२ मधील ग्रंथात त्यांनी या प्रक्रियेला ‘सर्जनशील विनाश’ असे नाव दिले. जुने उद्योग मोडल्यावाचून नवे उभे राहत नाहीत; वृद्धी आणि विस्थापन या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, हे त्यांच्या विचारांचे सार आहे.

भांडवलसंचयाकडून शेषांशाकडे

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे हॅरॉड (१९३९) आणि डोमार (१९४६) यांच्या प्रतिमानांनी वृद्धीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. त्यांच्या मांडणीनुसार बचतीचा दर आणि भांडवल-उत्पादन गुणोत्तर यांवरून वृद्धीचा दर ठरतो. बचत १२ टक्के आणि गुणोत्तर ४ असेल, तर उत्पादन दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढेल. भारतासारख्या नवस्वतंत्र देशांतील नियोजनकारांना हा हिशोब आकर्षक वाटला, कारण बचत व गुंतवणूक वाढविली की विकासाचा वेग वाढेल असा मार्ग त्यातून दिसत होता.

रॉबर्ट सोलो यांनी १९५६ मध्ये या निष्कर्षाची मर्यादा दाखविली. श्रमिकांची संख्या तेवढीच ठेवून भांडवल वाढवीत नेले तर प्रत्येक नव्या यंत्रापासून मिळणारे जादा उत्पादन घटत जाते. एका शिंप्याला दुसरे शिलाईयंत्र दिल्याने थोडाफार उपयोग होईल. पाचवे यंत्र नुसते पडून राहील. म्हणून अधिक बचतीमुळे दरडोई उत्पन्नाची पातळी उंचावते, परंतु वृद्धीचा दर कायमचा वाढत नाही. दीर्घकाळात दरडोई उत्पन्न सतत वाढावयाचे असेल तर तांत्रिक प्रगती अनिवार्य ठरते.

१९५७ मध्ये सोलो यांनी हा विचार आकडेवारीवर तपासला. त्यांची पद्धत एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, एका देशाचे उत्पादन वर्षात ५ टक्क्यांनी, भांडवल ६ टक्क्यांनी आणि श्रम १.५ टक्क्यांनी वाढले. उत्पन्नात भांडवलाचा वाटा एक तृतीयांश आणि श्रमाचा दोन तृतीयांश असेल, तर भांडवलवाढीमुळे २ टक्के आणि श्रमवाढीमुळे १ टक्का अशी एकूण ३ टक्के वाढ समजावून सांगता येते. उरलेले २ टक्के म्हणजे शेषांश होय. याच रीतीने अमेरिकेतील १९०९ ते १९४९ या काळाची आकडेवारी तपासली असता, प्रति श्रम-तास उत्पादन सुमारे दुप्पट झाले असून त्यातील सुमारे सात अष्टमांश वाढ भांडवलाने नव्हे तर शेषांशाने स्पष्ट होते, असे आढळले. या कार्याबद्दल सोलो यांना १९८७ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या निष्कर्षाने एक अडचण निर्माण झाली. वृद्धीचे सर्वांत मोठे कारण सिद्धांताच्या बाहेर राहिले. सोलो यांच्या प्रतिमानात तंत्रज्ञान आकाशातून पडणाऱ्या पावसासारखे आहे. ते येते, पण का आणि कोठून येते हे कळत नाही. मोझेस अब्रामोव्हित्झ यांनी १९५६ मध्येच या शेषांशाला आपल्या अज्ञानाचे एक मोजमाप म्हटले होते. जॉर्गेन्सन आणि ग्रिलिचेस यांनी १९६७ मध्ये असा आक्षेप घेतला की, श्रम व भांडवल यांचे मोजमाप गुणवत्तेसह काटेकोरपणे केले तर शेषांश बराच आक्रसतो. शिकलेल्या आणि न शिकलेल्या कामगाराचा तास सारखाच मोजला, तर शिक्षणाचा परिणाम शेषांशात जाऊन बसतो. सारांश, शेषांश हा तंत्रज्ञानाचा समानार्थी शब्द नव्हे. मोजमापातून निसटलेल्या सर्वच गोष्टी त्यात एकत्र येतात.

ज्ञानाचे अर्थशास्त्र

शेषांश उलगडण्याचा एक मार्ग केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये दाखविला. काम करता करता माणूस शिकतो, आणि हे शिकणे हीच तांत्रिक प्रगती होय. स्वीडनमधील होर्नदाल येथील पोलाद कारखान्याचे उदाहरण त्यांनी दिले आहे. तेथे सुमारे पंधरा वर्षे नवी गुंतवणूक झाली नव्हती, तरीही प्रति श्रम-तास उत्पादन दरवर्षी सुमारे २ टक्क्यांनी वाढत गेले. यंत्रे तीच होती. अनुभव वाढला होता.

पॉल रोमर यांनी १९८६ आणि १९९० मधील लेखांतून ज्ञानाला वृद्धीच्या सिद्धांतात मध्यवर्ती स्थान दिले. ज्ञान ही इतर वस्तूंहून वेगळी वस्तू आहे. एक नांगर एका वेळी एकाच शेतात चालतो. परंतु बियाणे सुधारण्याचे सूत्र एकाच वेळी लाखो शेतकऱ्यांना वापरता येते आणि वापरामुळे ते झिजत नाही. त्यामुळे ज्ञानाच्या बाबतीत घटत्या प्रतिफलाची बेडी सैल होते. तथापि यातून एक पेच उद्भवतो. ज्ञान सर्वांना विनामूल्य मिळाले तर ते निर्माण करण्याचा खर्च कोण करील? आणि पेटंटद्वारे त्यावर मक्तेदारी दिली तर त्याचा प्रसार खुंटतो. संशोधनाला सार्वजनिक निधीची गरज का असते, याचे अर्थशास्त्रीय उत्तर या पेचात आहे. रोमर यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक विल्यम नॉर्डहाऊस यांच्यासमवेत मिळाले.

फिलिप ॲघियन आणि पीटर हॉविट यांनी १९९२ मध्ये शुंपीटर यांच्या सर्जनशील विनाशाला गणिती रूप दिले. नवी कंपनी जुन्या कंपनीचा नफा हिरावून घेण्याच्या आशेने संशोधन करते. परंतु आपलाही नफा उद्या कोणीतरी हिरावेल, याची तिला धास्ती असते. अर्थव्यवस्थेतील इतिहासकार जोएल मोकिर यांनी वेगळ्या दिशेने विचार केला. एखादी गोष्ट कशी करावी याचे ज्ञान आणि ती तशी का घडते याचे ज्ञान यांची सांगड अठराव्या शतकातील युरोपात पडली, म्हणून तेथील शोध पूर्वीप्रमाणे थोड्या काळात विझून न जाता एकातून एक निघत राहिले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. २०२५ चे नोबेल पारितोषिक या तिघांना देण्यात आले.

या सिद्धांतांवरही आक्षेप आहेत. संशोधकांची संख्या वाढली की वृद्धीचा दर वाढावयास हवा. परंतु चार्ल्स जोन्स यांनी १९९५ मध्ये दाखविले की, विकसित देशांत संशोधकांची संख्या अनेक पटींनी वाढूनही वृद्धीचा दर वाढला नाही. संगणकाच्या चिपवरील ट्रान्झिस्टरांची संख्या दर दोन वर्षांनी दुप्पट करण्यासाठी १९७० च्या दशकाच्या आरंभी जितके संशोधक लागत, त्याच्या अठरापटींहून अधिक संशोधक अलीकडे लागतात, असे ब्लूम, जोन्स, व्हॅन रीनन आणि वेब यांच्या २०२० मधील अभ्यासात आढळले आहे. नव्या कल्पना सापडणे उत्तरोत्तर महाग होत आहे.

प्रसार आणि संघटना

शोध लागणे आणि तो वापरात येणे यांत अंतर असते. झ्वी ग्रिलिचेस यांनी १९५७ मध्ये अमेरिकेतील संकरित मक्याच्या प्रसाराचा अभ्यास केला. आयोवात हे बियाणे लवकर पसरले, अलाबामात पुष्कळ उशिरा. याचे कारण शेतकऱ्यांचा मागासलेपणा नव्हता. प्रत्येक प्रदेशासाठी वेगळे संकरित वाण तयार करावे लागे. जेथे बाजार मोठा होता तेथे बियाणे कंपन्या आधी पोहोचल्या आणि जेथे फायदा अधिक होता तेथील शेतकऱ्यांनी ते लवकर स्वीकारले.

कारखान्यांच्या बाबतीत पॉल डेव्हिड यांचे १९९० मधील विवेचन उद्बोधक आहे. वीजकेंद्रे १८८० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाली, परंतु अमेरिकी कारखान्यांच्या उत्पादकतेत विजेमुळे ठळक वाढ १९२० च्या दशकात दिसली. आरंभी मालकांनी वाफेचे इंजिन काढून त्या जागी विजेची मोटर बसविली. दंड आणि पट्टे यांची जुनी मांडणी तशीच ठेवली. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर देऊन कारखान्याची रचनाच बदलली, तेव्हा लाभ मिळाला. संगणक सर्वत्र दिसतात, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाहीत, अशा अर्थाची टिप्पणी सोलो यांनी १९८७ मध्ये केली होती. तिचे एक उत्तर विजेच्या या इतिहासात मिळते.

यंत्र तेच, उत्पादन वेगळे : मुंबईच्या गिरण्या

यंत्र आणि तंत्रज्ञान यांतील फरक मुंबईच्या कापडउद्योगात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या गिरणीची कंपनी स्थापन केली. पुढील अर्धशतकात उभ्या राहिलेल्या गिरण्यांतील यंत्रे प्रामुख्याने लँकेशायरमधूनच येत. ती बसविणारे व चालविणारे तज्ज्ञही आरंभी तेथूनच येत. भांडवल उपलब्ध होते, कापूस जवळ होता आणि मजुरी इंग्लंडच्या मानाने पुष्कळ कमी होती. असे असता मुंबईने लँकेशायरला सहज मागे टाकावयास हवे होते. तसे घडले नाही.

ग्रेगरी क्लार्क यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा हिशोब मांडला. १९१० च्या सुमारास अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागातील एक गिरणी कामगार जेवढे काम करी, तेवढ्यासाठी इंग्लंडमध्ये दीड आणि भारत, चीन, जपान किंवा ग्रीस येथे जवळजवळ सहा कामगार लागत. यंत्रे बहुतांशी सारखीच होती. फरक एका कामगाराकडे किती यंत्रे सोपविली जात, यात होता. स्वस्त मजुरीचा लाभ त्यामुळे बराचसा नाहीसा होई.

या फरकाची कारणे कोणती, याविषयी मतभेद आहेत. क्लार्क यांनी त्याचे मूळ त्या त्या ठिकाणच्या कामगारांच्या कामाच्या रीतीत शोधले. इतर अभ्यासकांना हे स्पष्टीकरण पुरेसे वाटत नाही. आखूड धाग्याच्या कापसाचे सूत वारंवार तुटते आणि ते जोडण्यास अधिक हात लागतात. मजुरी स्वस्त असेल तर यंत्रामागे अधिक माणसे ठेवणे हाच मालकाच्या दृष्टीने काटकसरीचा मार्ग असतो. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मधील ग्रंथात दाखविल्याप्रमाणे बाजारातील चढउतारांना तोंड देण्यासाठी मालकांनी जॉबरमार्फत भरती आणि बदली कामगारांची पद्धत अवलंबिली. आज काम मिळेल की नाही याची खात्री नसलेल्या बदली कामगाराच्या अंगी एकाच साच्याचा दीर्घ अनुभव कसा मुरणार? होर्नदाल येथे जे घडले ते येथे सहजासहजी घडणे शक्य नव्हते.

यंत्रामागील कामगारांची संख्या कमी करण्याचे प्रयत्न १९२० च्या दशकात झाले. विणकराने दोनऐवजी तीन साचे आणि कातणाऱ्याने एकीऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, अशी योजना काही गिरण्यांनी अमलात आणली. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार सहभागी झाले. त्यामागील प्रमुख कारणांत या योजनेचा विरोध होता. अर्थशास्त्रज्ञाच्या कोष्टकात जी बाब शेषांशातील वाढ म्हणून नोंदली गेली असती, ती कामगाराच्या दृष्टीने वाढलेला कामाचा भार आणि शेजारच्या माणसाची गेलेली नोकरी होती. उत्पादकता वाढल्यास तिचा वाटा आपल्याला मिळेल, असा विश्वास त्याला देणारी व्यवस्था अस्तित्वात नव्हती. त्याचा विरोध यंत्राला नव्हता. यंत्राबरोबर आलेल्या करारातील विषमतेला होता.

वाटपाचा प्रश्न

रिकार्डो यांनी १८२१ मध्ये मांडलेला प्रश्न अशा प्रकारे पुन्हा समोर येतो. रॉबर्ट ॲलन यांच्या मांडणीनुसार ब्रिटनमध्ये १७८० ते १८४० या काळात प्रति कामगार उत्पादन ४६ टक्क्यांनी वाढले, परंतु वास्तव वेतन केवळ १२ टक्क्यांनी वाढले. त्यानंतर मात्र वेतन उत्पादकतेच्या बरोबरीने वाढू लागले. म्हणजे तंत्रज्ञानाचा लाभ श्रमिकांपर्यंत पोहोचतो; पण तो कधी पोहोचेल याची हमी नसते, आणि साठ वर्षे म्हणजे श्रमिकांच्या दोन पिढ्या होतात.

डॅरन असेमोग्लू आणि पास्कुआल रेस्ट्रेपो यांनी यंत्रांचे दोन परिणाम वेगळे केले आहेत. काही तंत्रे माणसाच्या हातचे काम काढून घेतात, तर काही तंत्रे माणसासाठी नवी कामे निर्माण करतात. वेतन आणि रोजगार यांचे भवितव्य या दोहोंच्या तोलावर अवलंबून असते. असेमोग्लू आणि सायमन जॉन्सन यांनी २०२३ मधील ग्रंथात असे म्हटले आहे की, हा तोल निसर्गनियमाने ठरत नाही. कोणते तंत्र विकसित करावे याचा निर्णय ज्यांच्या हाती असतो, त्यांच्या हितसंबंधांनुसार तो झुकतो. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या आजच्या चर्चेलाही हाच निकष लावावा लागेल.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, भांडवलसंचय आवश्यक असला तरी दीर्घकालीन वृद्धीचा आधार ज्ञान आहे आणि ज्ञान विनाखर्च निर्माण होत नाही. भारताचा संशोधन व विकासावरील खर्च २०२०-२१ मध्ये स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६४ टक्के होता, ही बाब या संदर्भात चिंताजनक आहे. दुसरा असा की, यंत्र विकत घेता येते. ते पूर्ण क्षमतेने चालविण्याची संघटना आणि अनुभव विकत घेता येत नाहीत. ती घडवावी लागतात, आणि अस्थिर रोजगारात ती घडत नाहीत. तिसरा असा की, लाभाचे वाटप हा वृद्धीनंतर सोडवावयाचा प्रश्न नसून तो वृद्धीच्या प्रक्रियेचाच भाग आहे. ज्याच्या हाती यंत्र सोपवावयाचे त्याला त्या यंत्राची भीती वाटत असेल, तर कागदावरील उत्पादकता प्रत्यक्षात उतरत नाही.

सोलो यांनी वजाबाकी करून जो आकडा बाजूला ठेवला, त्यात शास्त्रज्ञाचे संशोधन आहे, उद्योजकाचे धाडस आहे, तसेच साच्यासमोर उभ्या असलेल्या विणकराने वर्षानुवर्षांच्या कामातून मिळविलेले कसबही आहे. शेषांशाचे श्रेय वाटताना यातील शेवटच्या घटकाचा विसर पडू नये, एवढी दक्षता अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने आणि धोरणकर्त्याने घेणे अगत्याचे आहे.